अंगणातले डांबर आणि काळ्या मातीचे गणित

गावापर्यंत डांबरी रस्ता येतो, गल्लीपर्यंतही येतो आणि घराच्या फाटकापाशी थांबतो. तेथून ओसरीपर्यंतच्या तीस-चाळीस फुटांचे काय करायचे, हा प्रश्न घरमालकाचा असतो. वाशिम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावात तो पावसाळ्यात विशेष टोकदार होतो. मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की अंगणातली काळी माती लोण्यासारखी होते, मोटारसायकलचे चाक मडगार्डपर्यंत भरते आणि ट्रॅक्टर फाटकातून आत घेतला तर त्याच्या चाकोऱ्या पुढे पोळ्यापर्यंत बुजत नाहीत. साहजिकच रस्त्याचे काम चालू असताना ‘दोन घमेली आमच्याही अंगणात टाका’ अशी विनवणी कंत्राटदाराच्या माणसांना होते. पुष्कळदा ती मान्यही होते. काळेभोर, गुळगुळीत अंगण पाहून घरची मंडळी सुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तेच अंगण कडांनी फाटू लागले, की ‘डांबर हलके होते’ असा निष्कर्ष निघतो.

दोष बहुतेक वेळा डांबराचा नसतो. डांबराचा थर हे पांघरूण आहे. पांघरुणाखाली कोण निजले आहे, यावर सारे अवलंबून असते आणि वऱ्हाडात पांघरुणाखाली काळी माती निजलेली असते.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठी ग्रामव्यवस्थेत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द जोडीने येत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. जेथे घर बांधायचे ती जमीन वेगळी आणि जेथे कापूस पिकवायचा ती वेगळी, हा विवेक त्या जोडशब्दातच होता. पांढरीवरची मातीची घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, याचे एक कारण फुगण्या-आकसण्याचा उपद्रव त्या मातीत कमी असतो हे आहे. आता गावठाण भरले. नवी घरे बिनशेती केलेल्या ले-आउटमध्ये, म्हणजे कालपर्यंत तूर-सोयाबीन घेतलेल्या वावरात उभी राहत आहेत. भिंतीला तिरप्या भेगा पडण्याची आणि अंगण उखडण्याची तक्रार गावठाणापेक्षा या नव्या वस्तीत अधिक ऐकू यावी, यात नवल नाही.

दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज मोठ्या प्रमाणावर असते. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी पापुद्र्यांची असते. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. चैत्र-वैशाखात पाणी निघून गेले, की तीच माती आकसते आणि हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हा गुण उपकारक आहे, कारण वरची सुकी माती भेगांत पडून जमीन आपली आपणच उलथली जाते. बांधकामाला मात्र तो शापासारखा आहे. ओली काळी माती भार पेलण्यात इतकी दुबळी असते, की रस्त्याच्या आखणीत तिची गणना सर्वांत कमकुवत मातींमध्ये होते.

डांबराने या मातीला वरून झाकले तर काय होते? भाबडी कल्पना अशी, की झाकल्यावर पाणी लागणार नाही, म्हणजे फुगणेही थांबेल. हे अर्धेच खरे आहे. झाकलेल्या पट्ट्याच्या मध्यभागी ओलावा हळूहळू स्थिर होतो आणि तेथली माती शांत राहते. परंतु कडेला, जेथे डांबर संपते आणि उघडी माती सुरू होते, तेथे प्रत्येक पावसाळ्यात पाणी आत शिरते व प्रत्येक उन्हाळ्यात बाहेर जाते. मधला भाग स्थिर आणि कडा वर-खाली होणारी, असा विसंवाद सुरू होतो. म्हणून काळ्या मातीवरील डांबरी पट्ट्याला पहिली भेग मधोमध क्वचितच पडते. ती कडेपासून फूट-दीड फूट आत, कडेला समांतर पडते. त्या भेगेतून पुढच्या पावसाचे पाणी थेट खाली उतरते आणि मग खड्डा ही केवळ वेळेची बाब राहते. अंगणात कडुनिंबासारखे मोठे झाड असेल तर त्याची मुळे उन्हाळ्यात मातीतला ओलावा ओढून घेतात आणि त्या बाजूचा भाग आणखी खचतो.

या मातीवर उपाय नाहीत असे मुळीच नाही. मुंबईच्या आयआयटीमधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ संशोधन करून न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर मध्ये घालण्याची पद्धत मांडली. कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कामांत ती देशभर वापरली गेली. असा थर वरून दाब देतो, खालच्या मातीला फुगू देत नाही आणि स्वतः पाण्याने फुगत नाही. गावच्या भाषेत सांगायचे तर चांगला, थोडा चिकट मुरूम. मोठ्या रस्त्यांसाठी या थराची जाडी ०.६ ते १ मीटर इतकी धरली जाते. दुसरा उपाय चुन्याचा. काळ्या मातीत योग्य प्रमाणात चुना मिसळून, पाणी देऊन दाबली, की तिचा फुगण्याचा स्वभाव पुष्कळ मवाळ होतो.

घराच्या अंगणासाठी एक मीटर खोदाई कोणी करणार नाही, करण्याची गरजही नाही. परंतु वरची भुसभुशीत, मुळ्या-गवताची काळी माती किमान फूट-दीड फूट काढून तेथे मुरूम भरावा, तो एकदम न ओतता सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून दाबावा, आणि विशेष म्हणजे डांबराच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-तीन फूट जास्त पसरावा. हा जास्तीचा पट्टा म्हणजे पैशाची नासाडी वाटते. प्रत्यक्षात कडेची ती समांतर भेग डांबराखाली पडायची ती बाहेरच्या मुरमात पडावी, यासाठी मोजलेली ती किंमत असते. भराव झाल्यावर घाई न करता त्याला एक पावसाळा खाऊ द्यावा, ही जुन्या गवंड्यांची रीत येथेही लागू पडते. जो खचायचा तो भाग आषाढ-श्रावणात खचून जातो. दिवाळीनंतर तो भरून घेतला की पुढच्या कामाला पाया मिळतो.

मुरमावर गिट्टी. मोठी गिट्टी पसरून, तिच्या फटींत बारीक चुरी भरून, पाणी मारून रोलरने दाबणे, हे खडीकरण स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ केलेल्या तत्त्वावरच आजही चालते. मोटारीपुरत्या अंगणाला दाबून सहा ते आठ इंच खडीकरण पुरते. सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली आत येणार असेल तर जाडी वाढवावी लागते, कारण अंगणाचे आयुष्य ठरवणारे वाहन रोज येणारी मोटारसायकल नसून हंगामात चार वेळा येणारी ती ट्रॉली असते.

डांबर कोणते?

मराठीत ‘डांबर’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या पदार्थांना लावला जातो आणि त्यामुळे गोंधळ होतो. एक डांबर दगडी कोळशापासून निघते. कपाटात ठेवण्याच्या डांबराच्या गोळ्यांचे नाव त्याच्याच कुळातले. इंग्लंडमधील एडगर हूली यांनी १९०२ मध्ये ज्या ‘टारमॅक’चे पेटंट घेतले, ते याच कोळशाच्या डांबरावर आधारलेले होते. दुसरे डांबर म्हणजे बिटुमेन, खनिज तेलाच्या शुद्धीकरणात पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर तळाशी उरणारा जड अंश. आजचे रस्ते या दुसऱ्या प्रकारचे आहेत. हे द्रव्य मानवाला नवे नाही. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात पाणी झिरपू नये म्हणून नैसर्गिक बिटुमेनचा थर दिलेला आढळतो.

फरक केवळ नावाचा नाही. कोळशाच्या डांबरात कर्करोगाला कारणीभूत ठरणारी संयुगे मोठ्या प्रमाणात असतात. अमेरिकेत घरापुढच्या डांबरी वाटांना दर काही वर्षांनी जो काळा लेप देतात, त्यात कोळशाचे डांबर असे. ऑस्टिन शहराने २००६ मध्ये त्यावर बंदी घातली आणि पुढे इतर काही ठिकाणी तसेच निर्णय झाले. ज्या अंगणात विहीर किंवा बोअर आहे, लहान मुले रांगतात आणि शेळ्या बांधल्या जातात, तेथे कोळशाचे डांबर नकोच. पिंपावर प्रत लिहिलेली असते. पूर्वी ‘८०/१००’, ‘६०/७०’ अशा सुईच्या चाचणीवर आधारलेल्या प्रती होत्या. भारतीय मानकात २००६ मध्ये बदल होऊन चिकटपणावर आधारलेल्या व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३०, व्हीजी-४० अशा प्रती आल्या. आकडा जितका मोठा, तितके डांबर उष्णतेत अधिक घट्ट.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात हा आकडा महत्त्वाचा ठरतो. मानकानुसार व्हीजी-३० चा मृदू होण्याचा बिंदू किमान ४७ अंश सेल्सिअस आणि व्हीजी-४० चा किमान ५० अंश असावा लागतो. मे महिन्यात सावलीतले तापमान ४३-४४ अंशांवर असते तेव्हा उन्हात तापलेला काळा पृष्ठभाग साठ अंशांपलीकडे सहज जातो. म्हणजे दुपारी बारा ते चार या वेळात अंगणातले डांबर थोडे तरी मऊ झालेलेच असते. वाहन चालते असेल तर बिघडत नाही, कारण गिट्टी गिट्टीला अडकून भार पेलते. उभ्या वाहनाचे मात्र चाक रुतते, मोटारसायकलचा स्टँड आत घुसतो आणि जागच्या जागी स्टिअरिंग फिरवले की पृष्ठभाग पिळवटून निघतो. घरच्या अंगणात वाहन चालते कमी आणि उभे राहते जास्त, ही गोष्ट डांबराच्या विरुद्ध जाते. वाहन उभे करण्याच्या जागी फरशी किंवा काँक्रीटचा चौथरा आणि येण्या-जाण्याच्या पट्ट्याला डांबर, ही तडजोड शहाणपणाची.

आणखी एक वैरी डिझेल. बिटुमेन स्वतः तेलातून आलेले, म्हणून तेलात विरघळते. गळक्या टाकीखाली काही दिवसांत गिट्टी सुटी होऊन हाताने उचलता येते. धूळ बसावी म्हणून इंजिनाचे जळके ऑइल शिंपडण्याची सवय असलेल्यांनी डांबरी अंगणावर ती पूर्ण सोडलेली बरी. मातीच्या अंगणावरही ती घातकच.

आणि गंमत अशी, की रहदारी अगदीच नसणे हेही डांबराला मानवत नाही. चाकांच्या रोजच्या मर्दनाने थर दाबलेला आणि जिवंत राहतो. ज्या पट्ट्यावरून दिवसाला दोन वाहने जातात तो झिजत नाही, पण ऊन आणि हवेतील प्राणवायू यांमुळे त्यातील डांबर कडक व ठिसूळ होत जाते. काळ्याचे करडे होणे ही त्याची पहिली खूण.

साडेतीन टनांची अडचण

समजा, अंगणातला पट्टा ३० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. क्षेत्रफळ ३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. त्यावर दाबून ५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर १.४ घनमीटर मिश्रण लागेल. वजनात ते साधारण सव्वातीन-साडेतीन टन होते. त्यात डांबर अवघे पाच टक्के, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आत-बाहेर. बाकी सारा दगड.

साडेतीन टन ही मोठी विचित्र संख्या आहे. घमेल्यांनी वाहून न्यायला ती फार जास्त आणि हॉट मिक्स प्लांटला फार कमी. एका टिप्परमध्ये याच्या कित्येक पट माल मावतो. प्लांटमधून मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास निघते आणि ते ९०-१०० अंशांखाली उतरण्यापूर्वी रोलर फिरून दबाई संपली पाहिजे. थोडा माल लवकर निवतो, पातळ थर त्याहून लवकर निवतो. निवलेल्या मिश्रणावर रोलर कितीही फिरवला तरी पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांतून पाणी शिरते. रस्त्याच्या कामावरून संध्याकाळी उरलेला, फावड्याने पसरलेला आणि पाटीने थोपटलेला माल का टिकत नाही, याचे उत्तर येथे आहे.

त्या उरलेल्या मालाची दुसरीही एक बाजू आहे. सरकारी कामाचे देयक थराच्या जाडीवर निघते. अंगणात आलेले प्रत्येक घमेले त्याच घरासमोरच्या रस्त्याच्या थरातून वजा झालेले असण्याचा संभव असतो. ग्रामीण रस्त्यांवर वरचा थर पुष्कळदा २० मिलिमीटरचाच असतो. त्यातून वजाबाकी करायला फारसे काही उरत नाही. शिवाय असा २० मिलिमीटरचा कारपेट मुळात सच्छिद्र असतो. त्यावर सील कोट हवा. रस्त्यावर तो दिला जातो, अंगणात मात्र कोणी आठवणीने देत नाही.

मग एकट्या घराने काय करावे? इमल्शनचा पर्याय खरा व्यवहार्य आहे. बिटुमेनचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळून केलेले हे चॉकलेटी रंगाचे द्रव तापवावे लागत नाही. खडीकरणावर ते सारखे शिंपडायचे, लगेच बारीक, स्वच्छ, धुतलेली गिट्टी पसरायची आणि दाबायची. पाणी सुटून गेले, की चॉकलेटी रंग काळा होतो. तेव्हा डांबर दगडाला धरले असे समजावे. आठवडा-दोन आठवड्यांनी, सुटी गिट्टी झाडून, दुसरा हात द्यायचा. दिसायला हे काम हॉट मिक्सइतके तुळतुळीत नसते; पण पाणी अडवते आणि भट्टी लागत नाही. भट्टी न लागणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. दीडशे अंशांवरच्या डांबरात पावसाचे किंवा ओल्या गिट्टीचे पाणी पडले तर ते क्षणात फेसाळून पिंपाबाहेर उसळते. अंगावर पडलेले डांबर ओढून काढू नये, कातडीही त्याच्याबरोबर येते; भाग थंड पाण्याखाली धरून तसेच दवाखाना गाठावा.

पाच-सात शेजाऱ्यांनी मिळून गल्लीतली सामाईक वाट आणि आपापली अंगणे एकाच दिवशी केली, तर टिप्पर भरतो, रोलर आणणे परवडते आणि साडेतीन टनांची अडचण सुटते. एकत्र काम करण्याला पाण्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर २८ चौरस मीटरच्या पट्ट्यावर २,८०० लिटर पाणी पडते. मातीच्या अंगणात त्यातले बरेचसे जिरत असे. डांबरावरून ते सारे धावते. कोठे धावायचे हे आधी ठरवले नाही, तर ते घराच्या जोत्याशी जाते किंवा शेजाऱ्याच्या दारात. काळ्या मातीवरच्या जोत्याशी पाणी साचणे म्हणजे भिंतीला भेगांचे आमंत्रण, आणि शेजाऱ्याच्या दारात सोडणे म्हणजे भांडणाचे. पन्नासास एक, म्हणजे १० फूट रुंदीत सुमारे अडीच इंच असा उतार जोत्याकडून बाहेर काढावा आणि शेवटी उथळ चर करून पाणी परसातल्या झाडांकडे किंवा शोषखड्ड्याकडे न्यावे. तो शोषखड्डा जोत्यापासून आणि डांबराच्या कडेपासून दूर असावा. इंग्लंडमध्ये घरापुढच्या बागांवर फरसबंदी वाढून गटारे तुंबू लागली, तेव्हा २००८ मध्ये पाच चौरस मीटरपेक्षा मोठ्या, पाणी न जिरवणाऱ्या आच्छादनासाठी परवानगीची अट आली. पाणी आपल्याच आवारात जिरवले तर परवानगी लागत नाही. आपल्याकडे असा नियम ग्रामपंचायतीपर्यंत यायला वेळ लागेल, परंतु पाण्याला नियमांची वाट पाहण्याची सवय नाही.

पाण्याचा निचरा नीट असला तर डांबर किती टिकते, याचे उदाहरण मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये रेकॉन्डो या कंपनीने हॉट मिक्स पद्धतीने, दहा वर्षांची हमी देऊन बांधला आणि हमीची मुदत संपल्यावरही तो कित्येक वर्षे खड्ड्यांवाचून राहिला. पुण्याची जमीन आणि आसेगावची जमीन एक नव्हे, हे खरे. पण भक्कम पाया, दाट मिश्रण आणि पाण्याला वाट, ही तिन्ही तेथे एकत्र आली होती.

सिमेंट काँक्रीट की डांबर, हा वाद आता नव्याने रंगतो, कारण याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि हा महामार्ग मुख्यतः काँक्रीटचा आहे. त्यावरून अंगणालाही काँक्रीटच हवे, असे मानणे घाईचे होईल. महामार्गाखाली जो भराव आहे तो अंगणाखाली नसतो. काँक्रीट कडक असते. खालची माती हलली तर ते वाकत नाही, तडकते. डांबर थोडे वाकते. पेव्हर ब्लॉक, ज्यांना विदर्भात गट्टू म्हणतात, ते वाकण्याचा प्रश्नच ठेवत नाहीत: जेथे खचले तेथे उचलायचे, खाली चुरी भरायची आणि पुन्हा बसवायचे. लहान अंगण, उभी वाहने आणि हलती माती अशी तिन्ही कारणे जेथे आहेत तेथे गट्टू सरस ठरतात. डांबराचे खरे क्षेत्र लांब वाटेचे आहे: रस्त्यापासून मळ्यातल्या घरापर्यंतची शंभर-दोनशे फुटांची वाट, किंवा दहा घरांची सामाईक गल्ली.

काम दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत, कोरड्या दिवसांत करावे. खडीकरणावर आधी पातळ प्राइम कोट द्यावा आणि तो वाळू द्यावा. धुळीवर टाकलेले डांबर धुळीलाच चिकटते. नव्या थरावर दोन-तीन दिवस जड वाहन नेऊ नये आणि पहिल्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या स्टँडखाली एक फळी ठेवावी. त्यानंतर दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी अंगणातून एक फेरी मारून कडेच्या भेगा पाहाव्यात. करंगळीपेक्षा अरुंद भेग असेल तर ती झाडून, कोरडी करून तिच्यात इमल्शन ओतावे आणि वर बारीक वाळू टाकावी. त्याहून रुंद झालेली भेग आधी चुरी-इमल्शनच्या मिश्रणाने भरावी लागते, आणि ती दरवर्षी त्याच जागी उघडत असेल तर डांबर सोडून कडेचा मुरूम उकरून पाहावा.